पाच घरं

आमच्या घरात मोठ्या माणसांच्या तोंडी 'पूजा' हा शब्द क्वचित यायचा. घट बसायचा, माळ चढायची, पोत पाजळायचा, परडी भरायची, गोंधळ घालायचा, जोगवा मागायचा. ज्या कामाला जो शब्द, तोच वापरायचा. नवरात्रात तारीख कुणी विचारत नसे. "आज कितवी माळ?" एवढंच विचारायचे.

तुळजापूर आमच्या गावापासून पायी एका दिवसाच्या वाटेवर. तिथं तर देवीच्या झोपेलाही तीन नावं. भाद्रपदात वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत ती सिंहासन सोडून पलंगावर असते, ती घोरनिद्रा. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. आई म्हणायची, "लढाईच्या आधीची झोप आन् लढून दमल्यावरची झोप एकच कशी असंल? बाईमाणसाला इचारा."

सातवीत असताना गुरुजींनी 'गोंधळ घालणे' याचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. मी लिहिलं, 'दादाच्या लग्नानंतर आम्ही देवीचा गोंधळ घातला.' वहीवर तांबडी फुली आली. बरोबर उत्तर होतं, गडबड करणे. पोरं हसली. मला तर डोळ्यापुढं धान्याचा चौक दिसत होता, कलश, दिवटी, संबळ, तुणतुणं आणि गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावणारे गोंधळी. त्यात गडबड कुठंच नव्हती. पण लहानपणीची फुली लई खोल जाती. त्या दिवसापासून घरातल्या शब्दांची मला लाज वाटू लागली.

त्यात माझी आई आराधीण. मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती पाच घरी जोगवा मागायची. दारात उभी राहून "आई राजा उदो उदो" म्हणायची. घरची बाई पीठ, मीठ वाढायची, पाया पडायची. आई तिच्या कपाळाला कुंकू लावायची आणि पुढच्या घरी जायची. एका शुक्रवारी ती माझ्या वर्गातल्या पोराच्या दारात उभी दिसली, तर मी बाभळीच्या आड लपलो.

ते साल १९७२. दुष्काळाचं. विहिरीचा तळ उघडा पडलेला. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात खायला तांबडी मिलो, नाहीतर कामावर मिळालेली सुकडी. तरी आईचा जोगवा चुकला नाही. फरक एवढाच, की मुठीच्या जागी चिमूट पडू लागली.

एका मंगळवारी धाकटी बहीण तापानं फणफणलेली. डब्यात पीठ नाही. आई जोगवा घेऊन आली तर पाच घरांचं मिळून ओंजळभरही नव्हतं. मी चिडून म्हणालो, "आनखी चार घरं फिरायची की. न्हाईतरी भीकच मागालीस."

वडील हात उगारून उठले. आईनं त्यांना थांबवलं. खाली बसली आणि म्हणाली, "काय बोलालास लेकरा? भिकंला घेणारा वाकतो. जोगव्याला वाढणारी वाकती. ती माझ्या न्हाई, परडीच्या पाया पडती. देवीच्या नावानं पाच घरं. सहाव्या दारात परडी नेली की मग ती भीक. पोटासाठी मागायचं असंल तर परडी घरात ठिवून जायचं."

आणि ती गेलीच. परडी देवापुढं ठेवली. कवड्यांची माळ काढून परडीत ठेवली. मोकळ्या हातानं शेजारच्या काकूच्या दारात उभी राहिली. मी मागं मागं गेलो होतो. आई म्हणाली, "पोरीला ताप हाय. पीठ दे. उसनं म्हण, भीक म्हण, काय बी म्हण." काकूनं दोन ओंजळी पदरात घातल्या. आईनं काकूला हात जोडले, मान खाली घातली. माझी आई कुणापुढं वाकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. पुढल्या साली सुगी झाल्यावर आईनं पहिल्या दळणातलं पीठ शीग लावून काकूला परत नेऊन दिलं.

पुढं दहावीपर्यंत शिकलो, मग शेतीच. वाचायचा नाद मात्र लागला. पैठणच्या एकनाथ महाराजांनी जोगवा लिहिलाय, गोंधळही लिहिलाय, हे कळलं तेव्हा वहीवरची ती फुली जरा पुसट झाली. पण 'भीक' हा माझ्या तोंडचा शब्द काही पुसला नाही. आईनं तो परत कधी काढला नाही. मलाही माफी मागणं जमलं नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. परडी आता बायको चालवते. आमच्या आळीत निम्म्या दारांना कुलपं. पोरं पुण्याला, म्हातारी माणसं त्यांच्यामागं. परवाच्या मंगळवारी ती चार घरं करून परत आली. पाचवं दार उघडं सापडलं नाही. आमच्याच उंबऱ्याबाहेर थांबली. म्हणाली, "आता हो?"

मी आत गेलो. डब्यातनं मूठभर ज्वारीचं पीठ घेतलं, बाहेर येऊन परडीत घातलं. आणि वाकलो. ती घाईनं मागं सरली, "अहो, हे काय!"

"तुझ्या न्हाई," मी म्हणालो, "परडीच्या."

तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. पाच घरं झाली.