अनुस्वाराची राखण

लग्नसराईत डोंबिवलीतली पत्रिकेची कामं अंगावर येतात. मुलांच्या तोंडची 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ नेहमी कोपऱ्यात, बारीक टाइपात बसवायची. इंग्रजी अक्षर त्या मापातही तग धरतं. देवनागरीत मात्र शिरोरेषेवर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि मधे 'ष्ट्र'ची गर्दी.

म्हणून बारीक मजकूर मी निव्वळ काळ्या शाईतच ठेवतो. चार रंगांतून काळा केला आणि छापताना रंग केसभर सरकले, तर अक्षराच्या कडेला रंगीत सावली येते. मजकुराचं चित्र करायचं नाही, पीडीएफमध्ये तो व्हेक्टरच जाऊ द्यायचा. ३०० डीपीआयचा धोशा फोटोंपुरता ठीक.

पडद्याचं दुखणं निराळं. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला, तरी ग्राहक पत्रिका शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरवतो. तिथे फोटो जेपीईजी होऊन जातो. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळतं, आणि अनुस्वार त्याच्या लेखी तपशीलच! 'चि. सौ. कां.'मधला ठिपका पहिला बळी. फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं ठाण्याच्या वधूपित्याला आज पुन्हा सांगितलं. त्यांनी डॉक्युमेंटचा स्क्रीनशॉट काढून पाठवला.