लाईन

आमच्या गावात ‘लाईन’एवढा राबणारा शब्द दुसरा नाही. वीज आली की लाईन आली, गेली की लाईन गेली. रॉकेलसाठी लाईन. विहिरीपासून खालच्या पट्टीपर्यंत जमिनीत पुरली ती लाईन. पारावर बसून टवाळ पोरं लाईन मारायची, आणि ‘त्यांच्या नादी लागू नको, चांगली लाईन धर’ असं दादा मला सांगायचे. वडलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांची शाळा चौथीपर्यंतची, पण हा शब्द कुठं कसा घालायचा हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

मी नववीत असताना सोसायटीचं कर्ज काढून दादांनी पाइपलाईन केली. तोवर खालची पट्टी कोरडवाहू. हरभऱ्यात मधून मधून जवसाचं एखादं तास असायचं. सकाळी शाळेला जाताना निळी फुलं दिसत. दुपारी येईपर्यंत पाकळ्या गळालेल्या. काढणीला मात्र जवस हट्टी. काडी ओढली तर हात कापायची, तुटायची नाही. पेंडी बांधायला आई दुसरं काही शोधत नसे. जवसाच्याच काड्या पिळून आळा करायची.

पाणी आलं तसा तिथं गहू आला, मागून ऊस. जवस कुणी काढून टाकला असं नाही, त्याला जागाच उरली नाही. हप्ते त्यावर फिटले, माझं कॉलेजही त्यावरच झालं. दादांच्या रात्री मात्र गेल्या. लाईन कधी बाराला यायची, कधी दोनला. अशाच एका रात्री ओल्या हातानं फ्यूज टाकताना त्यांना झटका बसला. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत.

एम.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. लायब्ररीतल्या जाड शब्दकोशात एकदा सहज ‘लाईन’ काढला आणि उभाच राहिलो. मूळ लॅटिन ‘लिनिया’, म्हणजे दोरा. आणि तो ‘लिनम’चा, म्हणजे जवसाचा! आपण जवस तेलाला आणि चटणीला लावतो. युरोपात त्याच्या काडीचा धागा काढीत. त्याचं कापड ते लिनन. ते कपड्याला आतून लावीत, म्हणून अस्तराला लायनिंग. दोरा ताणला की सरळ रेघ पडते, म्हणून रेघही लाईन. मग रांग, तार, नळ, वाट, धंदा, सगळंच. 1753 साली लिनीअसनं या झाडाला जे शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थच ‘अतिशय उपयोगी’ असा आहे.

सुट्टीत घरी आल्यावर हे दादांना सांगितलं. मला वाटलं, चकित होतील.

“म्हंजी लाईन जवसाची?”

“हो.”

“मग त्यात काय नवल? गवंडी म्हणतोच की, भिंत सुतात घे म्हणून. पोरगं सुतासारखं सरळ झालं म्हणतो आपण. सूत काय लोखंडाचं असतंय?”

दोन वर्षं इंग्रजी शिकून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

जरा वेळानं म्हणाले, “टाकावं का रं दोन तासं?”

गावात कुणाकडं बी निघालं नाही. तालुक्याच्या दुकानात ‘फ्लॅक्स सीड’ म्हणून पाकीट मिळालं, पण ते भाजलेलं. शेवटी आत्यानं तिच्या कोरडवाहू गावाहून पसाभर आणून दिलं. हरभऱ्याच्या कडेनं, बांधाला लागून दोन तासं पेरली.

पौषात गेलो तेव्हा लाईन रात्रीचीच होती. मी दादांबरोबर बॅटरी घेऊन गेलो. फ्यूजला त्यांना हात लावू दिला नाही. मोटर बंद पडली तेव्हा उजाडलं होतं. दादा बांधावर टेकले. फुलं नुकती उघडायला लागली होती.

“शाळेला जाताना तोडून न्यायचास तू,” ते म्हणाले, आणि त्या न मिटणाऱ्या बोटांनी एक काडी तोडायला गेले. ती तुटली नाही.