पेन्शनवाल्यांनो, धम्मासाठी घर सोडाल का?

आपल्या वस्तीत निवृत्त माणसाची कामं ठरलेली असतात. सकाळी नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, दुपारी पेन्शनच्या फरकाचा हिशेब, संध्याकाळी विहाराच्या कमिटीत वाद आणि एप्रिल जवळ आला की हातात वर्गणीचं पावतीपुस्तक. बाबासाहेबांच्या पुण्याईने नोकरी मिळाली, घर झालं, मुलं शिकली. आता उरलेली वीस वर्षं कुणासाठी, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

माझ्या घरातल्या दोघांनी तो विचारला. मोठेबाबा ६४ वर्षांचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले, प्रशिक्षण घेतलेले बौद्धाचार्य. मोठीआई ६१ वर्षांची, आयुष्यभर अंगणवाडी सेविका. यंदा आषाढ पौर्णिमेच्या आधी दोघं राप्तीसागर एक्स्प्रेसने नागपूरहून गोरखपूरला गेले आणि तिथून बसने कुशीनगर जिल्ह्यातल्या एका गावात. वर्षावासाचे तीन महिने तिथल्या दलित टोल्यात राहायचं आणि रोज संध्याकाळी ग्रंथवाचन करायचं, असं ठरवून. सामानात दोन बॅगा, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि ‘भगवान बुद्ध और उनका धम्म’च्या पंधरा प्रती. भदंत आनंद कौसल्यायन यांचा हा हिंदी अनुवाद इतकी वर्षं उपलब्ध आहे. तो घेऊन त्या टोल्यात बसणारा माणूस मात्र नव्हता.

निर्णय कळला तेव्हा घरात वादळ उठलं. गुडघे दुखतात, मुलूख परका, भाषा वेगळी. शेजारच्या एका काकांनी तर सरळ विचारलं, “मग भंतेजी कशासाठी आहेत?”

या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवलं आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी भिक्खू संघाच्या निष्क्रियतेवर कडक टीका केली आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या सेवाकार्याकडे बोट दाखवलं. १९५४ साली ब्रह्मदेशातल्या बुद्ध शासन कौन्सिलला दिलेल्या निवेदनात ते आणखी पुढे गेले. गावोगाव फिरणारे उपासक प्रचारक हवेत, ते विवाहित असले तरी चालतील, सुरुवातीला अर्धवेळ काम करणारेही चालतील, पण त्यांना वेतन द्यावं, अशी ती मांडणी होती. १९५६ च्या नागपूरच्या भाषणात तर त्यांनी दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला दिला. म्हणजे संसारी माणसाने धम्मप्रचाराला निघणं ही मोठेबाबांची लहर नाही, तो बाबासाहेबांचा आराखडा आहे. वेतनाचा प्रश्नही आज सुटलेला आहे. पेन्शन दर महिन्याला खात्यात जमा होते.

आणि कुशीनगरच का? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर कुशीनगरला राहत. ऐंशीच्या घरातला तो वृद्ध भिक्खू एवढा प्रवास करून नागपूरला आला. आपल्या लाखो लोकांच्या आयुष्याला त्या दिवसाने कलाटणी दिली. हे ऋण फेडायला आपण काय केलं? धम्मसहली काढल्या. दरवर्षी महाराष्ट्रातून बसेस भरून कुशीनगरला जातात. महापरिनिर्वाण स्तूपासमोर फोटो निघतात, बस लुंबिनीकडे वळते. वाटेतल्या दलित टोल्यांपाशी ती थांबत नाही.

तीन वर्षांपूर्वी मोठीआई अशाच सहलीत होती. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर एका बाईने तिला विचारलं, “आप लोग कौन बिरादरी के हैं?” मोठीआई म्हणाली, “बौद्ध.” बाईला वाटलं, ही परदेशी पाहुण्यांबद्दल बोलते आहे. बुद्धाचं महापरिनिर्वाण जिथे झालं तिथून काही मैलांवर, आपल्यासारख्याच कष्टकरी बाईला बुद्ध हा जपान-थायलंडचा देव वाटतो!

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींची लोकसंख्या ४ कोटींच्या वर आणि बौद्ध जेमतेम २ लाख. आपण महाराष्ट्राच्या ६५ लाखांवर समाधान मानणार असू, तर भारत बौद्धमय करण्याची घोषणा कशाच्या जोरावर देतो?

आता तिथे दोघं नेमकं काय करतात ते सांगते. दीक्षा समारंभ घेत नाहीत. उत्तर प्रदेशात २०२१ चा धर्मांतरविरोधी कायदा आहे. धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी आणि विधी करणाऱ्याने एक महिना आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाली. मोठेबाबांनी निघण्याआधी वकिलाकडून सगळं समजून घेतलं. ते वाचतात, समजावून सांगतात आणि ऐकतात. टोल्यातल्या तरुणांचा पहिला प्रश्न दाखल्याचा असतो. बौद्ध झालो तर आरक्षण जाईल का? १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, हे किती जणांना माहीत नाही!

पण खरं काम दुपारी होतं आणि ते मोठीआई करते. फोनवर म्हणाली, “पोरी, बायका येतात, पण निर्वाण काय असतं हे कोणीच विचारत नाही. विचारतात, तेरहवीचं काय करायचं?” एका घरात सासऱ्याच्या तेरहवीसाठी जमिनीचा तुकडा गहाण पडला होता. बावीस प्रतिज्ञांमधली श्राद्ध-पिंडदानाची प्रतिज्ञा आपण तोंडपाठ म्हणतो. तिची किंमत त्या घराला विचारा. मोठीआईने आपल्याकडचं पुण्यानुमोदन कसं असतं ते सांगितलं. त्रिशरण-पंचशील, चार माणसांचे दोन शब्द, साधं जेवण. बायकांनी खर्च किती येतो ते दोनदा विचारून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, “बिरादरी नहीं मानेगी.” मोठेबाबा गप्प झाले. मोठीआई म्हणाली, “एका घराने करू नका, दहा घरं मिळून ठरवा. आमच्या गावात देव्हारे कोणी एकट्याने काढले नव्हते. सगळ्या वाड्याने एकाच दिवशी देव नदीत सोडले, माझी माय सांगायची.”

हे पुस्तकात वाचून सांगता येत नाही. एक आख्खा समाज आपले विधी कसा बदलतो, त्यात भीती कशी मोडते, नातेवाईक कसे तुटतात आणि पुन्हा जुळतात, हे ज्यांच्या घरात घडलं तेच सांगू शकतात. ती पिढी आता साठी-सत्तरीला आली आहे. तिला आपण नातवंडांच्या डब्यात आणि कमिटीच्या भांडणात संपवतो आहोत.

काही कार्यकर्ते म्हणतात, अत्याचार रोज होत असताना हे वाचन कसलं? मी विचारते, अत्याचाराविरुद्ध उभं राहणारं मन कुठून येतं? महाराष्ट्रात मोर्च्याला माणूस उभा राहिला, कारण आधी त्याच्या घरातला देव्हारा गेला होता. दुसरा आक्षेप असा की मराठी माणसं तिकडे पुढारीपण करायला जातात. हा आक्षेप रास्त आहे. उत्तर प्रदेशाला स्वामी अछूतानंदांचं आदि-हिंदू आंदोलन आहे, १९६७ साली बौद्ध झालेले पेरियार ललई सिंह आहेत. म्हणूनच तिथे टोल्यातल्याच एका शिक्षकाने बोलावलं तेव्हा हे दोघं गेले आणि ग्रंथ रोज तिथलाच मुलगा वाचतो. मोठेबाबा बाजूला बसतात. मोठीआई भोजपुरी शिकते आहे.

तरुण मित्रांनो, शेवटचं तुमच्यासाठी. आपले आईवडील अशा कामाला का जात नाहीत? गुडघा हे निमित्त आहे. आपली मुलं कोण सांभाळणार, हे खरं कारण आहे, आणि ते तोंडाने कोणी बोलत नाही. आमच्याकडे चार चुलत भावंडांनी शाळेची ने-आण वारानुसार वाटून घेतली, दोघांचा मेडिक्लेम भरला आणि रोज रात्री आठला फोन लावायचा असं ठरवलं. झालं. एवढ्यावर दोन प्रचारक तीन महिन्यांसाठी मोकळे झाले. तुमच्या विहारात अशी किती जोडपी बसून आहेत, ते येत्या पौर्णिमेला मोजा. मग त्यांना विचारा, आणि विचारण्याआधी त्यांचं ओझं उचला.

जयभीम! नमो बुद्धाय!