पाटीला भोक नाही

जाडी 13.4 मिलिमीटर. वजन 680 ग्रॅम. 27 जानेवारी 2010 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड हातात धरून दाखवला, आणि त्यात काय आहे यापेक्षा काय नाही याचीच यादी आधी तयार झाली. कॅमेरा नाही. यूएसबी नाही. मेमरी कार्डाला जागा नाही. फ्लॅश चालत नाही. फोन लावता येत नाही. दोन अ‍ॅप शेजारी शेजारी उघडत नाहीत. कॅल्क्युलेटरसुद्धा नाही. जॉब्स मात्र मंचावर चामड्याच्या आरामखुर्चीत पायावर पाय टाकून बसले होते आणि रविवारची पुरवणी चाळावी तसं त्या काचेवर बोट फिरवत होते.

3 एप्रिलला अमेरिकेत विक्री सुरू झाली. पहिल्याच दिवशी 3 लाखांहून जास्त गेले, 28 दिवसांत 10 लाख. यादी सगळ्यांनी वाचली होती. आपल्याकडे तो 2011 च्या जानेवारीत आला, 27,900 रुपयांपासून पुढे.

पाटी. टॅब्लेटला मराठी शब्द शोधायची गरजच नव्हती. काळा दगड, भोवती लाकडी चौकट. थोड्या महागातल्या पाटीला चौकटीच्या एका बाजूला तारा, तारांत ओवलेले रंगीत मणी, दहा-दहांच्या ओळी. बेरीज आली नाही की मणी सरकवायचे. चौकटीच्या कोपऱ्यात एक भोक. त्यातून दोरा, दोऱ्याच्या टोकाला ओल्या स्पंजचा तुकडा. स्पंज सुकला तर थुंकी. लिहिणं, पुसणं आणि मोजणं, तिन्हीची सोय एका चौकटीत होती, आणि दप्तरात त्याशिवाय फारसं काही लागत नव्हतं. देखणी म्हणाल तर नव्हती. मणी तुटले की नुसत्या तारा राहायच्या आणि शर्टात अडकायच्या.

नवी पाटी देखणी आहे, हे मान्य करूनच पुढची नोंद करतो. मी ती वापरतो. रात्री अंथरुणात वाचायला तिच्याइतकं चांगलं काही मला मिळालेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की 'नाही' दोन जातींचं असतं, आणि दुकानात दोन्हींची एकच किंमत सांगतात. जे पहिल्यापासून नव्हतं त्यावाचून आपण वाट काढतो आणि काही दिवसांनी विसरतो. जे होतं आणि गेलं, त्याच्या जागेवर बोट पुन्हा पुन्हा जातं. आणि या पाटीची चौदा-पंधरा वर्षं पाहिली तर सगळं उलट घडलेलं दिसतं. नव्हतं ते हळूहळू येत गेलं. होतं ते जात गेलं.

फ्लॅश. वेबवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारं ॲडोबीचं सॉफ्टवेअर. जॉब्स यांनी एप्रिल 2010 मध्ये जाहीर पत्र लिहून त्याला दार बंद केलं. तेव्हा लोक चिडले होते. 31 डिसेंबर 2020 ला खुद्द ॲडोबीनेच फ्लॅश बंद केलं. त्याच्यावाचून कुणाचं अडल्याचं ऐकिवात नाही.

पेनड्राइव्ह. कॉलेजातली मुलं तो पट्ट्याला लावून गळ्यात घालायची, वर शर्टाच्या खिशातून टोक बाहेर. आयपॅडला तो लावायला जागा नव्हती. कॅमेऱ्यातले फोटो घ्यायचे तर 29 डॉलरचा वेगळा जोड घ्यावा लागे. फाइल ठेवायला 'फाइल्स' नावाची जागा 2017 मध्ये मिळाली आणि पेनड्राइव्ह सरळ वाचता येऊ लागला 2019 मध्ये. मी हौसेनं एक ओटीजी आणलं, पेनड्राइव्ह लावून पाहिला, चालला. दुसऱ्या दिवशी तोच घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं तो हातातसुद्धा घेतला नाही.

"पेनड्राइव्ह बंद केलेत काका, व्हायरस येतो. व्हॉट्सअ‍ॅप करा."

मशीनवर पुठ्ठा चिकटवलेला, त्यावर मार्करनं लिहिलेला नंबर. त्या नंबरावर गावातल्या सगळ्यांची आधार कार्डं जाऊन पडलेली असणार. मीही माझं पाठवलं.

खटका. आयपॅडच्या कडेला नखाएवढा होता. आडवं-उभं फिरणं थांबवायला किंवा आवाज बंद करायला. न पाहता, अंधारात, खिशातल्या नाण्यासारखा हाताला लागायचा. 2014 च्या एअर 2 पासून गेला.

बटण. हे जरा सविस्तर लिहितो.

आईचं वय ब्याऐंशी. तिच्या पहिल्या टॅबला खाली मधोमध एक गोल बटण होतं. त्याचं इंग्रजी नाव मी सांगितलं होतं, तिनं त्याचं 'घरचं बटण' केलं. कीर्तन ऐकताना मध्येच जाहिरात उघडली, घरचं बटण. नातीशी बोलताना आपलाच चेहरा मोठा दिसू लागला, घरचं बटण. काही कळेनासं झालं की तिथे अंगठा दाबायचा आणि सगळं जागच्या जागी. तिला पुढे कुठे जायचं हे कधी नीटसं कळलं नाही. परत यायचं कसं ते मात्र पक्कं ठाऊक होतं, आणि त्या जोरावर ती कुठेही बोट लावायला भ्यायची नाही.

2018 मध्ये आयपॅड प्रोचं हे बटण गेलं. त्याच वर्षी सॅमसंगच्या टॅब एस 4 चंही गेलं. साध्या आयपॅडनं ते 2021 च्या नवव्या पिढीपर्यंत टिकवलं आणि मे 2024 मध्ये त्याचीही विक्री थांबली. कारण दिसायला सुंदर आहे. बटण असलं की खाली पट्टी लागते, पट्टी असली की काच कडेपर्यंत जात नाही. काच कडेपर्यंत गेलेली सुरेख दिसते, यात वाद नाही.

आईच्या नव्या टॅबलाही बटण नाही. आता खालच्या कडेवरून बोट वर सरकवायचं. किती वर? फार हळू सरकवलं तर उघडलेल्या सगळ्या पानांची चळत समोर येते, अर्धवट सोडलं तर काहीच होत नाही. तिची बोटं कोरडी. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून तिचं आणि तिच्या बोटांचं आधीच भांडण आहे. पहिल्या आठवड्यात मी पाहिलं, ती काचेच्या खाली, जिथे आता नुसती कड आहे, तिथे अंगठा दाबून धरत होती. वर पाहत नव्हती. दाबून वाट पाहत होती.

"अरे, यातून घरी कसं जायचं?"

सेटिंगमध्ये शोधून मी पडद्यावर तरंगणारं एक गोल चिन्ह आणून दिलं. ते काचेतलं चित्र. दाबल्याचं बोटाला कळत नाही. ती वापरते, पण आता न समजणाऱ्या जागी बोट लावत नाही. कीर्तन आणि नात, दोनच.

भोक. कानात घालायच्या वायरीचं, 3.5 मिलिमीटरचं. त्याचं घराणं मोठं जुनं. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायका ज्या खुंट्या या भोकातून काढून त्या भोकात घालायच्या, त्यांचंच हे धाकटं भावंड. टेप, वॉकमन, रेडिओ, टीव्ही, संगणक, सगळ्यांकडे हे एकच भोक होतं आणि कोणतीही वायर कोणाकडेही चालायची. 2017 च्या 10.5 इंची आयपॅड प्रोला ते होतं, जाडी 6.1 मिलिमीटर. पुढच्या वर्षीच्या प्रोला ते नव्हतं, जाडी 5.9. फरक दोन कागदांचा.

आमच्या गाण्याच्या क्लासची गुरुपौर्णिमा होती. बाईंनी अलीकडे तानपुऱ्याची पेटी आणणं सोडलंय. टॅबवर तानपुरा लावतात, पट्टी बोटानं बदलतात, दोन तानपुरे हवे तर दोन. रियाजाला उत्तम. हॉलमधल्या साउंडवाल्यानं नेहमीप्रमाणे काळी वायर पुढे केली, बाईंचा नवा टॅब उलटसुलट करून चारी कडा पाहिल्या आणि म्हणाला, "मॅडम, याला भोकच नाही."

जोड घरी राहिला होता. त्याच्या मिक्सरला ब्लूटूथ होतं, पण ते त्याच्या फोनशी बांधलेलं आणि फोन टेम्पोत. टेम्पो दुसऱ्या कार्यक्रमाला. शेवटी एक माईक आडवा ठेवून, पाण्याच्या बाटलीला टेकवून, टॅबच्या स्पीकरसमोर धरला. सा भरला, पण त्यात हॉलचा पंखाही भरला. पहिल्या तीन मुली पंख्याच्या सुरात गायल्या. मग बाई उठल्या, कोपऱ्यात गवसणीत उभा केलेला खरा तानपुरा काढला आणि जुळवायला बसल्या. वीस मिनिटं. तेवढ्यात श्रोते चहा पिऊन आले.

तो तानपुरा मिरजेचा. मिरजेत तानपुरे-सतारी करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, भोपळे पंढरपूरच्या बाजूचे येतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅपलनं नव्या आयपॅड प्रोची जाहिरात काढली. एक अजस्र दाबयंत्र सावकाश खाली येतं. खाली पियानो, ट्रम्पेट, रंगांचे डबे, कॅमेऱ्याची भिंगं. पियानोच्या लाकडाला तडे जातात, रंग उडतात, सगळं चिरडतं. यंत्र वर जातं तेव्हा खाली एक चकाकती पातळ पाटी. 5.1 मिलिमीटर. जगभरातले वादक आणि चित्रकार खवळले. दोन दिवसांत कंपनीनं चुकलं म्हणून सांगितलं आणि टीव्हीवर ती दाखवणं रद्द केलं. जाहिरात वाईट होती असं मला वाटत नाही. ती खरी होती म्हणून झोंबली. त्यात तानपुरा नव्हता एवढंच, नाहीतर भोपळा फुटतानाचा आवाज आमच्या बाईंनी ऐकला असता.

आकाश. उलट बाजूही नोंदवली पाहिजे, नाहीतर यादी लबाड होईल. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब्लेट आणला. सरकारला तो 2,276 रुपयांना पडत होता. पुढे हे काम पवईला, आयआयटी मुंबईकडे आलं. पहिल्या आकाशला सात इंची पडदा, मेमरी कार्डाची जागा, आणि यूएसबीची भोकं एक नव्हे, दोन. आयपॅडला जे नव्हतं ते याच्याकडे होतं. पण 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि बोट फिरवून न हलणारा, दाबावा लागणारा पडदा. मी एकदा हाताळला होता. नखानं दाबावं लागे, आणि दाबल्यावर त्यानं ऐकलं की नाही ते कळेपर्यंत आपण पुन्हा दाबलेलं असे. भोकं सगळी होती. हातात धरून ठेवावंसं वाटत नव्हतं. आज तो कुणाच्या घरात दिसत नाही.

पेन्सिल. दगडी पाटीवरची आम्ही खायचो. आयपॅडची 2015 मध्ये आली. तिचं टोपण काढून तिला पाटीच्या चार्जिंगच्या भोकात खुपसायचं, म्हणजे चार्ज होताना ती पाटीला भाल्यासारखी आडवी बाहेर. टोपण हरवतं. 2022 च्या साध्या आयपॅडचं भोक बदललं, पेन्सिल मात्र जुनीच ठेवली. मग त्या दोघांच्या मध्ये घालायला आणखी एक जोड. इतक्या देखण्या वस्तू करणाऱ्या माणसांनी ही वस्तू कशी होऊ दिली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

सिमची पिन. खोक्यात मिळायची, पहिल्याच आठवड्यात नाहीशी व्हायची. आमच्याकडे आईच्या कुडीची दांडी हे काम करते. 2024 च्या प्रोला सिमची खाचच नाही, सिम आतल्या आत. कुडी कानातच राहील.

तपकीर गल्ली. पुण्यात बुधवार पेठेत. पूर्वी इथे लोक रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, स्पीकरचे कोन शोधत यायचे, गाळलेल्या जागा भरल्यासारखं काहीतरी घरी नेऊन जोडायचे. आता त्याच गल्लीत काचेच्या बरण्यांत जोड भरलेले असतात. या टोकाला हे, त्या टोकाला ते. पाटीतून निघालेली सगळी भोकं इथे दोरीला टांगून, सुटी, विकायला आहेत. बाईंसाठी मी एक घेतला. दुकानदारानं लावून दाखवला, आवाज आला. दीडशे रुपये. बाईंनी तो दोऱ्यानं टॅबच्या कव्हरला बांधून टाकला. स्पंजासारखा लोंबतो.

कॅल्क्युलेटर. सप्टेंबर 2024. पहिल्या आयपॅडनंतर चौदा वर्षांनी आला. आला तो मात्र थाटात. पेन्सिलीनं गणित लिहिलं की बरोबरच्या चिन्हापुढे आपल्याच अक्षरासारख्या अक्षरात उत्तर उमटतं. मी क्लासच्या फीचा हिशेब त्यावर करून पाहिला. बरोबर आला. शेजारी आई बोटांच्या पेरांवर दुधाचे खाडे मोजत होती. तिचाही बरोबर आला.

आता माझा टॅब जुना झालाय. त्याला बटण आहे, भोक आहे, आणि बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. परवा दुकानात नवा हातात घेतला. मुलानं सांगितलेलं मी काहीही ऐकलं नाही, नुसता धरून उभा होतो. कडेला अंगठा टेकत होता, तिथे थंडगार धातू, कुठे खाच नाही, खटका नाही, गोटीसारखा गुळगुळीत. मी किंमत विचारली, हप्ते विचारले.

रंग तेवढा ठरायचाय. आई निळा म्हणते.