घरी बदली कधी?

आम्ही नवरा-बायको दोघेही उर्दू माध्यमाचे शिक्षक. एक साताऱ्यात, एक सांगलीत. दिवसा शाळा, संध्याकाळी शिकवण्या. काही रविवार मतदार यादीच्या कामात जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळाबाह्य कामे आमच्याकडे ठेवली. ती टळत नाहीत. शिकवण्या मात्र आम्हीच धरलेल्या. झोप उडाली, वर्गात मुलांवर विनाकारण ओरडू लागलो. एका रात्री लेकीने फोनवर विचारले, "अब्बा, तुमची घरी बदली कधी होणार?" दोन्हीकडे आम्ही गप्प. दुसऱ्याच आठवड्यात शनिवारची शिकवणी सोडली. आता शनिवारी दुपारची एसटी गाठतो. पैसे कमी पडतात; पण रात्री दस्तरखानवर तिघे असतो.