आलेप्पीत एक टन

हाउसबोट बुक करताना तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता? ‘एसी आहे ना?’ मीही तेच विचारलं. फोनवरून उत्तर आलं, ‘येस सर, नाइन टु सिक्स.’ म्हटलं, हा ऑफिसचं टायमिंग का सांगतोय? मग कळलं, रात्री नऊ ते सकाळी सहा. दिवसभर पंखा आणि वेंबनाडचा वारा. रात्री बोट काठाला बांधली की जनरेटर सुरू आणि एसी ऑन.

मे महिना, सोबत आई-बाबा. पुन्नमडाला, जिथे नेहरू ट्रॉफीची शर्यत संपते, तिथे दुपारी बारा वाजता चढलो. बोट जुनी, खऱ्या केट्टुवल्लमची. म्हणजे आंजिलीच्या फळ्या खिळा न मारता काथ्याने शिवलेल्या. एके काळी अशा बोटींतून भात वाहून न्यायचे. आता त्याच्यावर बेडरूम, कमोड आणि एक टनाचा स्प्लिट एसी! कुट्टनाडात शेतं पाण्याच्या पातळीखाली आहेत. डेकवरून चक्क खाली वाकून भातशेती बघायची. केळीच्या पानातलं करिमीन तर सॉलिडच. एकूण ट्रिप झक्कास चालली होती.

नऊला एसी सुरू झाला. पावणेदहाला त्यातून नुसती गरम हवा.

रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात, त्यामुळे बोट हलवायची नाही. कालव्यात वारा शून्य, डास अगणित. आई पदराने वारा घेत बसली आणि मी मनातल्या मनात रिफंडचं भाषण तयार करायला घेतलं. बाबा मात्र टॉर्च घेऊन मागे गेले. पस्तीस वर्षं त्यांनी फ्रीज-एसीच्या मेंटेनन्समध्ये काढलीत (आमच्या घरी एसी अजून नाही, तो वेगळा विषय). परत आले ते जवळजवळ खुशीत. ‘कंडेन्सरची जाळी पापडासारखी चुरतेय. पाइपच्या जोडाला तेलाचा डाग आहे. गॅस गेलाय सगळा. हा आता बदलायलाच हवा.’

सकाळी नऊला आमचं चेकआउट. बाराला पुढचे गेस्ट येणार. नवा एसी नाही चालला तर ते बुकिंग गेलंच, असं कॅप्टन मोडक्या हिंदीत सांगत होता. गेल्या रात्री तो आणि कुक दोघंही डेकवर चटई टाकून झोपले होते. ते तसे रोजच झोपतात म्हणे. माझं भाषण तिथेच बारगळलं.

नवं युनिट आलं छोट्या होडीतून. खोका मधे, एक पोरगा त्याला मिठी मारून बसलेला. मागून मेकॅनिक चेट्टा. तीस-एक किलोचं आउटडोअर हलत्या होडीतून हलत्या बोटीवर चढवायचं म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. सगळ्यांचा श्वास अडकला होता.

जुना एसी आर-22 चा, नवा आर-32 चा. तेल वेगळं, म्हणून पाइपही नवे घालायचे. बाबांना मल्याळम येत नाही, चेट्टाला मराठी नाही. पण बाबांनी हवेत बोटाने गोल काढला आणि चेट्टा हसला. त्याने पाइपला आधीच तसा वेढा ठेवला होता. इंजिनच्या हादऱ्याने सरळ तांब्याचा पाइप जोडाशी तडकतो. वेढा असला की हादरा तो खातो.

भांडण झालं ते व्हॅक्यूमवरून. साडेअकरा वाजत आलेले. चेट्टाला पाचच मिनिटं पंप लावून गॅस सोडायचा होता. पाइपात दमट हवा राहिली तर कॉम्प्रेसर वर्षभरात बसणार, हे बाबांनी कसं समजावलं देव जाणे! पण त्यांनी वीस बोटं दाखवली, दोन्ही हात दोनदा. कॅप्टन घड्याळाकडे बघतोय, आमचा ड्रायव्हर तिसऱ्यांदा फोन करतोय, आई म्हणतेय, ‘अहो, चला ना आता.’ पंप पूर्ण वीस मिनिटं चालला.

बाराला पाच कमी असताना खोलीत गार झुळूक आली. पुढची फॅमिली ट्रॉली बॅगा ओढत जेटीवर उभीच होती. मालकाने एसीचे जादा घेतलेले पैसे न मागता परत केले.

कोची एअरपोर्टवर आईने विचारलं, ‘फोटो दाखव रे.’ उघडून पाहिलं. सूर्यास्ताचे चार, तिचा एक. आणि बाबांनी माझ्याच मोबाइलवर काढलेले कंडेन्सरचे एकोणीस.