थांबा किती दूर?

शहराची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे आपण त्याची लोकवस्ती सांगतों, कारखाने मोजतों, फार तर रस्त्यांची रुंदी सांगतों. स्वतःचें वाहन नसलेल्या मनुष्यास त्या शहरांत कोठवर जातां येतें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. कोल्हापूर, सोलापूर, नाशिक हीं आपलीं मध्यम शहरें; २०११ च्या खानेसुमारींत त्यांची वस्ती साडेपांच लक्षांपासून सुमारें पंधरा लक्षांपर्यंत होती. आम्ही राहतों तें शहरही याच मालिकेंतील. येथें गाड्या आहेत, थांबेही आहेत. मग मोजावयाचें तें काय?

संयुक्त राष्ट्रांच्या मोजणींत बसथांबा घरापासून ५०० मीटरांच्या आंत असला म्हणजे सोय आहे, असें धरितात. माप सोपें खरें, परंतु थांब्यावर गाडी किती वेळानें येते हें तें सांगत नाहीं. लंडनच्या हॅमरस्मिथ व फुलहॅम विभागांत १९९२ सालीं निघालेली रीत याहून बारकाईची आहे. तींत चालण्याचा वेळ आणि वाट पाहण्याचा वेळ यांची बेरीज करितात. चालण्याचा वेग ताशीं ४.८ किलोमीटर धरितात. वाट पाहण्याचा वेळ म्हणजे दोन गाड्यांमधील अवधीचा निम्मा, आणि गाडीच्या अनियमितपणाबद्दल वर २ मिनिटें. चालण्यास ८ मिनिटांहून अधिक वेळ लागेल असा बसथांबा जमेस धरीतच नाहींत. अखेर प्रत्येक ठिकाणास शून्यापासून सहापर्यंत श्रेणी मिळते.

हा हिशेब आम्हीं आमच्या घरास लावून पाहिला. थांबा ४०० मीटरांवर, म्हणजे ५ मिनिटें. गाडी अर्ध्या तासानें. म्हणून १५ आणि २ मिनिटें वाट पाहण्याचीं. एकूण २२. थांबा निम्म्या अंतरावर आणिला तर अडीच मिनिटें वांचतील. तो जागचा न हलवितां गाड्या दुप्पट केल्या तर साडेसात वांचतील. परंतु नव्या थांब्याचें उद्घाटन करितां येतें, वाढलेल्या फेरीचें कोण करणार!

आमच्या मातुःश्रींचें वय ऐशींच्या पुढें आहे. तेवढ्याच वाटेस त्यांस १० मिनिटांहून अधिक लागतात, आणि मध्यें एका कट्ट्यावर बसावें लागतें. त्यांच्या पावलांनीं मोजलें तर तो थांबा जमेंतूनच गळतो. एकाच छपराखालीं आम्ही पहिल्या श्रेणींत, आणि त्या शून्यांत! पूर्वीं त्या एकट्या मंडईंत जात, कीर्तनास जात, बहिणीकडे दुपार घालवून येत. आतां रिक्षा करूं म्हटलें तर म्हणतात, "माझ्यासाठीं कशाला एवढा खर्च? तुम्हांला सवड होईल तेव्हां जाऊं." ती सवड आम्हांस क्वचितच होते. बहीण वारली त्यापूर्वींच्या वर्षांत त्यांच्या दोनच भेटी झाल्या.

विकलेल्या तिकिटांवरून गाडींत कोण बसलें तें कळतें. कोण घरींच राहिलें तें कोणत्याही वहींत उतरत नाहीं. नगरपालिकांनीं थांब्यांचे नकाशे अवश्य काढावे, वेळांचीं कोष्टकेंही मांडावीं. मात्र चालण्याचा वेग ठरवितांना कडेवर मूल घेतलेल्या बाईस, काठी टेकीत जाणाऱ्या म्हाताऱ्यास आणि आमच्या मातुःश्रींस एकदां विचारावें.